त्या निवेदनावरची माझी सही : गावातल्या ६३ पालकांना खुले पत्र

गावातले आईबाप, काका-काकू, भाऊ-वहिनी आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांना,

रामराम, जय भीम, जय गुरुदेव, सलाम.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर शाळेतल्या ज्या बाईंविरुद्ध आपण निवेदन दिलं त्यांचं नाव कळायला पाच मिनिटं लागणार नाहीत. वर्धा नदीच्या अलीकडचं, यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस-सोयाबीनवर जगणारं आणि आठवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा असलेलं गाव, एवढं पुरे. ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना बरोबर समजेल.

मागच्या महिन्यात आपण गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे निवेदन दिलं. अंगठे धरून ६३ सह्या. ते निवेदन माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात टाइप झालं. सांगत सगळेच होते, पण शब्द माझे. ‘कोवळ्या मनावर विकृत संस्कार’ हे वाक्य माझं आहे, दुसऱ्या कोणाचं नाही. त्यात तीन मागण्या होत्या. पहिली, शरीर, वयात येणं, लैंगिकता अशा विषयावरचा तास घ्यायच्या आधी पालकांना लेखी कळवावं आणि काय शिकवणार ते दाखवावं. दुसरी, त्या तासाला समितीतला एक बाप आणि एक आई बसू द्यावी. तिसरी, हे तास कायमचे बंद करावेत आणि त्या शिक्षिकेवर कारवाई करून तिची बदली करावी.

पहिल्या दोन मागण्यांवर मी आजही उभा आहे. तिसरीवरची माझी सही मी मागे घेतोय. का घेतोय, हे तुम्हा सगळ्यांना सांगणं मी देणं लागतो, कारण ‘लिहा हो, तुम्ही शिकलेले आहात’ असं म्हणून तुम्ही माझ्यावर विश्वास टाकला होता.

त्या दिवशी शाळेत नेमकं काय झालं, हे आपल्यातल्या एकानंही आधी विचारलं नाही. मीही नाही. आपण ऐकलं ते पानठेल्यावर : ‘शाळेत पोराचं पोराशी लगन लावाले शिकवते.’ संध्याकाळी ते गावाच्या ग्रुपवर आलं, सोबत अमेरिकेतल्या कुठल्या तरी शाळेचा व्हिडिओ. रात्री देवळासमोर बैठक. सह्या तिथेच सुरू झाल्या. घरी गेलो तर आठवीतली माझी पोरगी जागीच होती. म्हणाली, ‘बाबा, बाईनं असं म्हटलंच नाही.’ मी म्हटलं, झोप आता.

आठ दिवसांनी रविवारी आम्ही घरचेच वेचणीला गेलो होतो. मजूर मिळत नव्हते. पोरगी माझ्या शेजारच्या तासाला, कमरेला ओटी बांधून. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी तिच्या हातावर पांढरे ओरखडे उठले होते. वर न बघता काम करता येतं म्हणून असेल, मी विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं. वावराच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जाऊन परत येईतो ती बोलत होती.

तास सव्वा तासाचा होता. उपकेंद्राच्या सिस्टर आणि बाई दोघी मिळून. पाळी कशी येते, कापड असो की पॅड, स्वच्छता कशी ठेवायची, दर आठवड्याची ती निळी गोळी कशासाठी घ्यायची, पोरांचा आवाज का फुटतो. अंगाला कोणी नको तसा हात लावला तर कोणाला सांगायचं, १०९८ नंबर. अठराच्या आत पोरीचं आणि एकविसाच्या आत पोराचं लग्न लावता येत नाही. शेवटी प्रश्नपेटी. बुटाचा खोका, वर फट कापलेली. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. पोरीला आठवत होत्या त्या चिठ्ठ्या तिनं सांगितल्या : ‘पाळीत लोनच्याले हात लावला तं खराब होते का?’ ‘दाढी कवा येते?’ ‘उंची वाढवाले काय खावं?’ आणि एक, ‘दोन पोरींचं लगन होते का?’

वर्ग हसला. बाईंनी हसू दिलं, मग उत्तर दिलं. पोरीच्या शब्दांत : ‘बाई म्हणे, आपल्या देशात कायद्यानं अशा लग्नाची नोंद होत नाही. काही देशांत होते. पन कोनाले तसं वाटत असंन तं तो गुन्हा नाही अन् आजार बी नाही. कोनाले त्यावरून चिडवाचं नाही. बाकी मोठे झाले का समजंन, अन् घरी मायबापाले विचारा.’

बस. चार-पाच वाक्यं. त्यातलं शेवटचं तर आपल्याकडेच बोट दाखवणारं. बाईंनी लेकरांना घरी विचारायला पाठवलं, आणि लेकरं घरी आली तेव्हा आपण देवळासमोर सह्या करत होतो.

मी दुकानात बसून ती वाक्यं एकेक तपासली. मला बाईंची चूक सापडावी असं तेव्हा मनातून वाटत होतं, हेही कबूल करतो. चूक सापडली नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीनं ठेवलेला समलिंगी संबंध हा कलम ३७७ खाली गुन्हा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टाच्या दुसऱ्या पाच जणांच्या घटनापीठानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. लग्नाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही आणि असा कायदा करायचा की नाही हे संसदेनं बघावं, असं ते म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली १९९० मध्ये. म्हणजे मी सहा वर्षांचा होतो तेव्हाच. बाईंनी सांगितलं त्यात त्यांचं स्वतःचं मत एवढंच की कोणाला चिडवू नका. त्याला विकृत संस्कार म्हणायचं असेल तर आपल्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेले निम्मे सुविचार पुसावे लागतील.

आता हक्काचं बोलू, कारण बैठकीत तो शब्द सगळ्यात जास्त वेळा आला. ‘लेकरू आमचं, हक्क आमचा.’ हे मला मान्य आहे, आणि मी ते हलक्यात घेत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, कलम २६ मध्ये स्पष्ट आहे की आपल्या मुलांना कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यायचं हे निवडण्याचा पहिला हक्क आईबापाचा. आपल्या राज्यघटनेच्या कलम २८ मध्येही आहे की सरकारमान्य शाळेत अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात बसवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं तर शाळेची समितीच आपल्या हातात दिली. त्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. हे सगळं आपलं आहे. आपण ते कधी वापरतो? खिचडीच्या तांदळावरून भांडण झालं की. शाळेत काय शिकवणार हे विचारायला वर्षभरात आपल्यापैकी कोण गेलं होतं? सभेचं रजिस्टर शिपाई घरोघर फिरवतो आणि आपण सह्या ठोकतो. निवेदनावरच्या ६३ सह्यांत बायांच्या सात होत्या, आणि त्यातल्या चार त्यांच्या नवऱ्यांनी केल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तास पोरींच्या पाळीवर होता आणि तो बंद करा म्हणणारे आपण सगळे मिशीवाले.

ग्रुपवर आलेला तो अमेरिकेचा व्हिडिओ. त्याची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीत सरकारी शाळांनी लहान वर्गांना समलिंगी माणसांच्या आणि त्यांच्या लग्नाच्या गोष्टी असलेली चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायला घेतली. सुरुवातीला पालकांना आपलं मूल त्या वेळेपुरतं बाहेर काढता यायचं. २०२३ च्या मार्चमध्ये शाळांनी ती सवलत काढली. मुस्लिम, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन आईबाप कोर्टात गेले आणि २७ जून २०२५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन अशा मतांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. ते जिंकले म्हणून आपल्याकडे व्हिडिओ फिरतोय. पण त्यांना मिळालं काय? खटला पूर्ण निकाली निघेपर्यंत शाळेनं आधी कळवायचं आणि ज्याला नको त्यानं आपलं मूल वर्गाबाहेर न्यायचं. पुस्तकं बंद करा, शिक्षिकेला काढा असं कोर्टानं म्हटलेलं नाही. त्याच्या आधी मॅसॅच्युसेट्स राज्यात, जिथे २००४ पासून समलिंगी लग्न कायदेशीर आहे, तिथल्या पालकांनीही असाच दावा लावला होता. २००८ मध्ये ते हरले. इंग्लंडात २०२० पासून नियम असा की लैंगिक शिक्षणाच्या तासातून पालक मूल काढू शकतो, पण नाती आणि कुटुंब कशी असतात त्या तासातून नाही. तीन ठिकाणचे तीन निकाल, आणि तिन्हीकडे भांडण एकाच गोष्टीवर : माझ्या लेकराला बसवायचं की नाही. शेजाऱ्याच्या लेकराचा तास मी बंद करू शकतो, असं कुठेच ठरलेलं नाही. मग आपल्या तिसऱ्या मागणीला आधार कोणता?

शिवाय आपल्या शाळेत अमेरिकेसारखा गोष्टींचा पाठही नव्हता. २०१८ पासून केंद्र सरकारचा शालेय आरोग्य कार्यक्रम आहे. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण देतात आणि त्याचे अकरा विषय ठरलेले आहेत, पोषणापासून व्यसनापर्यंत आणि इंटरनेट जपून वापरण्यापर्यंत. बाई त्या प्रशिक्षणाला सरकारनं पाठवलं म्हणून गेल्या. समलिंगी लग्न त्यांनी काढलं नाही, ते चिठ्ठीतून आलं. आपल्याच कोण्या घरातून आलं.

हे तास बंद पाडणं नवीन नाही. २००७ साली आपल्या राज्यानंच किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला होता. तेव्हाही ओरड हीच होती. त्यानंतर मोबाइल आला. दुकानात रिचार्जला येणारी सातवी-आठवीची पोरं कोणत्या व्हिडिओची लिंक एकमेकांना पाठवतात हे मला माहीत आहे, आणि तुमच्यातल्या काहींना ते मी खासगीत सांगितलंही आहे. तिथे उत्तर द्यायला सिस्टर बसलेली नसते.

आणि न बोलण्याची किंमत आपल्या विदर्भाला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या. १९८९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. शंभरात ९२ बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि याआधी कधी तशी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त ८. बाकीच्या लाजेनं अंगावर काढत होत्या. माझी आजी त्यातलीच, गाव वेगळं एवढंच. कंबर दुखते, कंबर दुखते म्हणत गेली. काय दुखत होतं हे तिच्या पोरांना कधी कळलं नाही, कारण तो शब्द घरात उच्चारायची सोय नव्हती.

आता जे लिहिणार आहे ते लिहायच्या आधी मी दोन माणसांना विचारलंय.

माझा चुलतभाऊ तुमच्यातल्या पस्तिशीच्या वरच्या सगळ्यांना आठवत असेल. खंजेरी भजनाला बसला की शेजारच्या गावची माणसं यायची. त्याला शाळेत काय म्हणून हाका मारायचे तेही आठवत असेल. तो शब्द मी इथे लिहीत नाही, मीही तो वापरलाय. २०११ मध्ये तो २३ वर्षांचा होता. काकांना घाई झाली होती. नदीपलीकडच्या एका गावातली सोयरीक मी आणली. पोरगी बारावी शिकलेली, पाच बहिणींत तिसरी. साक्षगंधाला मीच गाडी ठरवली. भाऊ त्या दिवशी जेवला नाही, आणि आम्ही म्हटलं, लाजतोय.

अकरा महिन्यांत ती माहेरी गेली ती परत आली नाही. मधल्या काळात काकांनी त्याला मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, एक लेकरू होऊ द्या, डोकं ठिकाणावर येईल. (अशा माणसाला ‘बदलवायचे’ उपचार करणं हे डॉक्टरानं केलेलं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये ठरवलं. आमच्यासाठी ते अकरा वर्षं उशिरा आलं.) गावात बोललं गेलं ते तिच्याबद्दल. पोरीतच खोट आहे, वांझ आहे, माहेरी कोणी असेल. माझ्या घरातही बोललं गेलं. भाऊ एक बॅग घेऊन सकाळच्या एसटीनं गेला, तो आता दुसऱ्या राज्यात एका कापड गिरणीत सुपरवायझर आहे. दिवाळीला फोन करतो. खंजेरी काकांच्या घरी खुंटीवर टांगलेली आहे आणि तिचं कातडं उंदरांनी खाल्लं.

पाच-सहा वर्षांपूर्वी माहेरी गेलेली ती पोरगी मला आठवडी बाजारात दिसली. भाजीची पाटी घेऊन बसली होती. मी वाट बदलणार तेवढ्यात तिनं हाक मारली. रडली नाही, ओरडली नाही. वांगी मोजता मोजता विचारलं, ‘भाऊजी, तुमाले माहीत होतं का?’

मी म्हटलं, नाही. आणि ते खरं होतं. मला असं काही असतं हेच नीट माहीत नव्हतं. आमच्या शाळेत, आमच्या घरात, आमच्या बैठकीत त्यासाठी एक शिवी होती, शब्द नव्हता. भावालाही स्वतःबद्दल सांगायला शब्द नव्हता. असता तर साक्षगंधाच्या दिवशी न जेवता बसण्याऐवजी त्यानं तोंड उघडलं असतं, निदान मला एकट्याला सांगितलं असतं, आणि एका पोरीचं आयुष्य वाचलं असतं.

हे पत्र लिहायचं ठरल्यावर भावाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, लिही, नाव टाकू नको, तसंही गावाला माहीत आहे, बोललं कोणी नाही एवढंच. तिलाही बाजारात जाऊन विचारलं. ती म्हणाली, ‘माह्यात खोट नव्हती, एवढं लिवा.’

तिच्यात खोट नव्हती. सोयरीक आणणारा मी आहे आणि मी हे सगळ्या गावासमोर लिहून देतोय.

बैठकीत आपल्यातले एक ज्येष्ठ म्हणाले होते, ‘कानावर पडलं का पोट्टे तसेच होते.’ ही भीती खोटी नाही. बापाच्या पोटात ती येतेच, माझ्याही आली. पण माझ्या भावाच्या कानावर काय पडलं होतं? १९९० च्या दशकातली शाळा, घरी टीव्ही नाही, गावात एक एसटी. प्रार्थना, भजन, वावर. कोणत्याही बाईंनी त्याला काहीही शिकवलेलं नव्हतं. तरी तो तसाच होता. आणि आपण सगळ्यांनी मिळून, हळद लावून, वाजंत्री लावून त्याला दुसरं काही करायचा प्रयत्न केला, तरी तसाच राहिला.

मी हे पत्र समलिंगी लग्नाच्या बाजूनं प्रचार म्हणून लिहीत नाही. कायद्यानं तशा लग्नाला मान्यता द्यावी का, यावर माझं मन अजून बसलेलं नाही. भावाचा विचार केला की वाटतं द्यावी, काकूंचा चेहरा आठवला की पाय मागे येतो. तुमच्यातल्या कोणाला ते धर्माविरुद्ध वाटत असेल तर घरी लेकरांना तसं सांगायचा तुमचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही. सांगा. जेवताना सांगा, का ते समजावून सांगा, लेकरानं उलट विचारलं तर उत्तर द्या. पण कायदा काय आहे हे लेकराला खरं कळलं पाहिजे, आणि ते सांगणाऱ्याची बदली मागून आपलं म्हणणं खरं ठरत नाही.

जय भीम म्हणणाऱ्या माझ्या भावांना एक आठवण देतो, कारण त्या रात्री त्यांच्याही सह्या होत्या. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक काढायचे. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारायचे आणि त्यांनी उत्तरं छापायची. म्हणजे प्रश्नपेटीच. ती उत्तरं अश्लील आहेत म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र घेऊन मुंबईत कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. पण लोकांनी अडचण विचारली तर उत्तर देणाऱ्याच्या बाजूनं उभं राहायचं, हे बाबासाहेबांनी नव्वद वर्षांपूर्वी करून दाखवलं. आपल्या गावात एका बाईंनी बुटाच्या खोक्यातून तेच काम केलं, तर आपण तिच्या विरोधात निवेदन टाइप केलं.

आणखी एक गोष्ट झाली, ती निवेदनात नाही. निवेदन दिल्यानंतर चार पालक शाळेत गेले आणि बाईंकडे ती चिठ्ठी मागितली. अक्षर जुळवून बघायला, कोणाच्या लेकरानं लिहिलं ते. नाव लिहिणार नाही, त्या चौघांना आपण कोण ते माहीत आहे. बाई म्हणाल्या, फाडून टाकली. त्यांनी फाडली नव्हती. माझ्या पोरीनं पाहिलंय, बाईंच्या डायरीत घडी करून ठेवलेली, गणिताच्या चौकटी वहीचा तुकडा, जांभळ्या शाईचा. खोटं बोलल्या बाई, आणि मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

ती चिठ्ठी कोणाची हे मला माहीत नाही. कदाचित नुसतं मजा म्हणून कोणी टाकली असेल, मोबाइलवर काही पाहून. कदाचित तसं नसेल. बारा-तेरा वर्षांचं एक लेकरू आहे आपल्यात, ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा एक प्रश्न विचारला, आणि पुढचे पंधरा दिवस त्यानं काय पाहिलं? आपले बाप देवळासमोर ओरडतात, ग्रुपवर शिव्या लिहितात, अक्षर जुळवायला शाळेत जातात. तो प्रश्न ते लेकरू आता कोणाला विचारणार? तुम्हाला विचारेल असं वाटतं का? मला वाटत नाही. माझी पोरगी माझ्याशी बोलली ती आठ दिवसांनी, तेही वावरात, माझ्याकडे न बघता.

तासाला पालक बसावेत या आपल्या मागणीबद्दल एक सुधारणा सुचवतो. बसणाऱ्या पालकानं मागे बसायचं, मधे बोलायचं नाही आणि प्रश्नपेटीच्या वेळी बाहेर जायचं. लेकरं आपल्यासमोर चिठ्ठी टाकणार नाहीत. उत्तरं काय दिली ते बाईंनी नंतर समितीला सांगावं, चिठ्ठ्या दाखवू नयेत. आणि ज्याला आपलं लेकरू त्या तासाला नकोच असेल त्यानं तसं लेखी द्यावं, त्याला कोणी जाब विचारणार नाही. आईनं आणि बापानं दोघांनी सही करून द्यावं मात्र. एकानं दुसऱ्याची करू नये.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी मुख्याध्यापकांकडे जाऊन माझी सही मागे घेतल्याचा अर्ज देणार आहे, त्याची पोच घेऊन तिथूनच गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात. सध्या तास बंद आहे आणि तो खोका ऑफिसातल्या कपाटावर चढवून ठेवलाय, वर जुने तक्ते. तो खाली काढून द्या, असंही मी सरांना सांगणार आहे. बाईंची माफी मी त्यांच्यासमोर उभं राहून मागेन, पत्रातून नाही.

पहिल्या दोन मागण्यांचा नवीन अर्ज टाइप करून ठेवलाय. ‘विकृत’ शब्द त्यात नाही. प्रती दुकानात आहेत, पैसे नाहीत. वाचून, पटलं तरच सही करा, नाही पटलं तर येऊन माझ्याशी भांडा. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं. बायांना यायचं असेल तर दुपारी बारा ते तीन माझी बायको गल्ल्यावर बसते, तेव्हा मी वावरात असतो.

तुमचाच,
आठवीतल्या एका पोरीचा बाप